नडगीच्या वरच्या टोकाचं ऑपरेशन: एक्स-रे फर्स्टक्लास, पण गुडघा वाकेना

कृष्णाकाठ | १० सप्टेंबर २०२३, रात्री १०:५०

नमस्कार. एरवी मी इथे वाचनमात्र असते, पहिल्यांदाच धागा काढतेय. जरा लांबेल.

२४ जूनला ह्यांची गाडी घसरली. कोरेगावहून साताऱ्याला येताना, पावसाची पहिली भुरभुर, वळणावर चिखल. गाडी पायावर पडली. रक्ताचा थेंब नाही, त्यामुळे मुका मार असेल म्हणून रस्त्याकडेला बसून राहिले. पण उभंच राहता येईना आणि गुडघा बघता बघता कलिंगडाएवढा झाला. सीटीत कळलं की नडगीचं हाड वर जिथे गुडघ्याला मिळतं तिथे दोन्ही बाजूंनी फुटलंय आणि सांध्याचा सपाट भाग खाली खचलाय. कागदावर "शॅट्झकर ५" लिहिलंय.

सूज आणि पाण्याचे फोड इतके, की लगेच ऑपरेशन केलं नाही. आधी मांडीत आणि नडगीत पिना घालून बाहेरून दांड्या लावल्या. अकरा दिवसांनी, ५ जुलैला, दोन बाजूंनी दोन प्लेटा, तेरा स्क्रू, आणि खचलेल्या जागी कमरेचं हाड काढून भरलं. १२ तारखेला घरी आलो. मांडीपासून घोट्यापर्यंत पट्टा, सहा आठवडे पाय सरळ, वजन अजिबात टाकायचं नाही.

आता साडेनऊ आठवडे झालेत. दोन गोष्टी आहेत.

गुडघा ५० अंशांच्या पुढे जात नाही. फिजिओ येतो, वाकवतो, हे ओरडतात, मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडते.

दुसरं म्हणजे, आतल्या बाजूच्या टाक्यांच्या खालच्या टोकाला मुगाएवढं छिद्र आहे. दोन दिवस कोरडं, मग परत ओलं. ड्रेसिंगवर पिवळसर डाग पडतो. विचारलं तर "आतला दोरा बाहेर येतोय, होतं असं." गोळ्यांचा तिसरा कोर्स चालू आहे. कोर्स असेपर्यंत सुकतं, संपला की चार दिवसांत पुन्हा पाझर.

दर वेळी एक्स-रे काढतात, उजेडाला धरतात आणि म्हणतात, "फर्स्टक्लास!" मी काय वाद घालणार? एक्स-रे मलाही छानच दिसतो.

हे ४८ वर्षांचे, शुगर आहे, गोळी चालू आहे. गणपती आठवड्यावर आलेत आणि ह्यांचं एकच पालुपद, यंदा आरतीला मी खुर्चीत बसायचं का?

---

चहाबिस्किट | १० सप्टेंबर, रात्री ११:२०

ताई, वाईट वाटलं वाचून. एक व्यवहाराची गोष्ट सांगते. मेडिक्लेम असेल तर डिस्चार्जनंतर किती दिवसांचा खर्च मिळतो ते आजच बघा. पुष्कळ पॉलिसींमध्ये ६० किंवा ९० दिवस असतात. आमची ड्रेसिंगची बिलं मी पिशवीत जपून ठेवली आणि एकसष्टाव्या दिवशी दाखल केली. पुढचं विचारू नका.

---

रांगडा_गडी | ११ सप्टेंबर, सकाळी ६:०५

प्लेट घालूच द्यायची नव्हती. आमच्या मावशीचा हात हाडवैद्याने लेप लावून एकवीस दिवसांत बसवला. अजून वेळ गेलेली नाही, तेलाने रोज रगडून मालिश करा, गुडघा लोण्यासारखा सुटेल.

---

प्लास्टर ऑफ पुणे | ११ सप्टेंबर, सकाळी ७:१५

रांगडा_गडी, मावशींच्या हाताला नमस्कार. मनगट आणि गुडघ्याच्या सांध्यात खचलेलं हाड यांत बैलगाडी आणि विमानाइतका फरक आहे. आणि कृष्णाकाठ, रगडून मालिश मुळीच करू नका. घायाळ स्नायू रगडले तर त्यात नको तिथे हाड तयार होऊ शकतं. पोटरीत रक्ताची गुठळी असेल तर ती सुटून फुप्फुसात जाण्याची भीती वेगळीच.

मी ऑर्थोपेडिक सर्जन आहे. पेशंट न तपासता निदान करणार नाही. तुमच्या डॉक्टरांना काय विचारायचं, त्याची तयारी म्हणून हे वाचा.

आधी जे बरोबर झालं ते. अकरा दिवस थांबले हे उत्तम केलं. तट्ट सुजलेल्या, फोड आलेल्या कातडीवर चिरा घेतला तर ती नीट मिटत नाही. चिमटीत धरल्यावर कातडीला सुरकुती पडायला लागली की मगच चाकू हातात घ्यायचा. पूर्वी मधोमध एकच मोठा चिरा घेऊन दोन्ही प्लेटा बसवायचे आणि मग कातडी काळी पडायची, जखमा उकलायच्या. दोन बाजूंनी दोन वेगळे चिरे घेतात ते त्यातून शिकूनच. स्वतःच्या नडगीवर हात फिरवून बघा. पुढे आणि आतल्या अंगाला कातडी आणि हाड यांच्यामध्ये मांस जवळजवळ नाहीच. तिथली जखम बिघडली की खाली थेट प्लेट.

शॅट्झकर हे टोरांटोचे सर्जन. त्यांनी १९७९ साली या फ्रॅक्चरचे सहा प्रकार मांडले, जगभर अजून तेच वापरतात. पहिले तीन गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूचे, तुलनेने सौम्य. पाच आणि सहा म्हणजे जोराचा मार, आणि हाडापेक्षा भोवतालच्या मासाला, कातडीला बसलेला मार पुढे जास्त छळतो. चौथा दिसायला साधा, पण त्यात गुडघ्यामागची रक्तवाहिनी दुखावल्याची शंका आधी घ्यायची.

आता छिद्र. दोऱ्याची रिॲक्शन होते, नाही असं नाही. पण ती दोरा पडला की मिटते. नऊ आठवड्यांनंतर, गोळ्या थांबल्या की परत पाझरणारं छिद्र म्हणजे जंतुसंसर्ग प्लेटपर्यंत पोचलाय असंच धरून चालायचं, तसं नाही हे सिद्ध होईपर्यंत. जंतू धातूवर चिकट थर करून बसतात. गोळीने भोवतालचे मरतात, थराखालचे राहतात. म्हणून कोर्स असेपर्यंत सुकतं.

आणि तो फर्स्टक्लास एक्स-रे. एक्स-रे हाड दाखवतो. पू दाखवत नाही, आणि हाड पोखरलं जाईपर्यंत संसर्गही दाखवत नाही. तो किती वाकतं तेही सांगत नाही. त्यामुळे तुमचे डॉक्टर खोटं बोलतायत असं नाही, ते फक्त फोटोबद्दल बोलतायत.

हे विचारा: सीआरपी आणि ईएसआर (अंगात सूज किंवा संसर्ग आहे का ते सांगणाऱ्या रक्ताच्या तपासण्या) केलंय का? ऑपरेशननंतर सीआरपी वाढतोच, पण दोन-तीन आठवड्यांत खाली यायला हवा. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी कधी केली होती? हाड कितपत जुळलंय यासाठी सीटी करायचा का? आणि चौथा कोर्स सुरू करण्याआधी कल्चर, म्हणजे जंतू कोणता ते शोधायची तपासणी, घ्यायचं का? छिद्राच्या तोंडावरून कापसाने पुसून घेतलेल्या नमुन्यावर फार भिस्त ठेवू नका, त्यात कातडीवरचे जंतू येतात. ऑपरेशन करून प्लेटजवळचे पाचेक तुकडे वेगवेगळे पाठवले तर खरा चोर सापडतो. त्याआधी साधारण दोन आठवडे अँटिबायोटिक बंद असलेलं बरं, पण ते डॉक्टरांना विचारून, स्वतःच्या मनाने नाही. ताप, थंडी किंवा पाय लालबुंद झाला तर थांबायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना.

दुसरं मत घ्या. त्यात कुणाचा अपमान नाही.

ता.क. विडी, सिगारेट, तंबाखू?

---

कृष्णाकाठ | ११ सप्टेंबर, सकाळी ९:४०

डॉक्टर, इतकं सविस्तर कुणी सांगितलंच नव्हतं. सीआरपी केलेला नाही, फाइल उलटून पाहिली. सरासरी साखर मार्चमध्ये ८.९ होती.

तंबाखू अपघातानंतर सोडली असं हे म्हणतात.

---

कृष्णाकाठ | ११ सप्टेंबर, सकाळी ९:५५

चुन्याची डबी सापडली. पायाच्या पट्ट्यात, पोटरीमागे. दोन महिने मी तो पट्टा रोज पुसतेय.

---

चहाबिस्किट | ११ सप्टेंबर, सकाळी १०:०१

😂 माफ करा ताई, पण जागा भारी निवडली.

---

प्लास्टर ऑफ पुणे | ११ सप्टेंबर, सकाळी १०:३०

माझ्या एका पेशंटने प्लास्टरमध्ये पाकीट ठेवलं होतं, तेव्हा हे काहीच नाही. पण गंमत बाजूला. धूम्रपानाने हाड उशिरा जुळतं आणि जखमा बिघडतात याचा पुरावा भक्कम आहे. मळलेल्या तंबाखूत धूर नसला तरी बारीक रक्तवाहिन्या आवळणारं निकोटिन तेच. त्यात ८.९ साखर. जंतूंना आणखी काय हवं?

---

वऱ्हाडी ठेचा | ११ सप्टेंबर, दुपारी २:१०

मी लिहू का नको विचार करत होतो. ताईंच्या कामाचं आता नाही, पण पुढे कुणी हा धागा उघडंल त्याच्यासाठी.

माह्या लहान्या भावाचं हेच हाड. ट्रॅक्टरवरून पडला, वर्ध्याजवळ. संध्याकाळी तालुक्याच्या गावी प्लास्टर केलं, सकाळी मोठ्या दवाखान्यात जा म्हणाले. रात्रभर तो ओरडत होता. आम्ही त्यालेच रागावलो, काहून इतका नाजूक झाला बाप्पा, हाड मोडलं तर दुखनारच. इंजेक्शन दिलं तरी फरक नाही. पायाचं बोट कुणी जरा वर केलं तर किंचाळायचा. पाय लाकडासारखा कडक. सिस्टरनं नाडी पाहिली, होती, म्हणून सगळे गप बसलो.

सकाळी सेवाग्रामच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं प्लास्टर फाडलं, पायाले हात लावला आणि म्हणाले, आत्ताच्या आत्ता. दोन्ही बाजूंनी पोटरी उभी उघडली. आत दाब वाढून मांस मरत होतं. पुढच्या भागातलं थोडं गेलंच होतं. नंतर मांडीची कातडी लावली. चालतो आता, पण पंजा लटकतो. शेतात चिखलात पट्टी लावून जाता येत नाही, थे एक दुःख आहे त्याचं.

---

प्लास्टर ऑफ पुणे | ११ सप्टेंबर, रात्री ९:००

ठेचाभाऊ, लिहिलंत ते फार बरं केलंत. हे सर्वांनी वाचावं.

गुडघ्याखाली पायाचे स्नायू चार बंद कप्प्यांत असतात. कप्प्याची भिंत ताणत नाही. आत रक्त आणि सूज भरली की दाब इतका वाढतो की बारीक रक्तवाहिन्या बंद पडतात आणि काही तासांत मांस आणि नसा मरायला लागतात. नडगीच्या वरच्या टोकाच्या मोठ्या फ्रॅक्चरमध्ये हा धोका अपघातानंतर पहिल्या एक-दोन दिवसांत असतो आणि ऑपरेशननंतरही असतो. मोठ्या धमनीतला दाब याहून जास्त असल्यामुळे नाडी लागते, बोटं गरम असतात, आणि तरी आत मांस मरत असतं. मोडलेल्या हाडाच्या मानाने जास्तच दुखणं, औषधाने न थांबणारं, आणि बोटं ताणल्यावर जीव जाईल अशी कळ, एवढ्यावर डॉक्टरला झोपेतून उठवा. पाय हृदयाच्या पातळीवर ठेवा, उशांवर उंच नाही. प्लास्टर, पट्टी, कापूस, सगळं कातडीपर्यंत सोडायला सांगा.

"नाजूक आहे" हे शब्द मी वॉर्डात बंद केलेत.

---

सांगलीची भडंग | ११ सप्टेंबर, रात्री ९:४५

माझा पंजा कप्प्यांमुळे नाही, नस दबल्यामुळे लटकला होता. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, खालच्या अंगाला जे बारीक हाडाचं बोंड हाताला लागतं, त्याला वळसा घालून ती नस जाते म्हणे. अपघातातच ताणली गेली होती. ओळखलं कसं? स्लीपर पायातून गळून पडायची आणि मला पत्ताच नसायचा. अंगठा वर उचलता येत नव्हता. आठ महिन्यांनी हळूहळू परत आला. तोवर बुटात प्लास्टिकची पट्टी. सगळ्यांचा परत येतो असं नाही, मी नशीबवान.

---

धुक्यातली_मी | १२ सप्टेंबर, पहाटे ३:३०

लीड्सहून. बर्फावर घसरून माझं हेच झालं, बाहेरच्या बाजूचं, एकच प्लेट. घरी पाठवताना हातात इंजेक्शनांचा डबा दिला, रोज स्वतःच्या पोटात टोचायचं, रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून. पोटावर निळ्या डागांची रांगोळी. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर तीच रडायला लागली.

ठाण्याला वडिलांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मीच विचारलं, तेव्हा त्यांना गोळी सुरू झाली. एकच पोटरी अचानक सुजली, दुखायला लागली किंवा दम लागला, छातीत कळ आली, तर वाट बघू नका.

---

वाकवा पण प्रेमाने | १२ सप्टेंबर, सकाळी ११:००

फिजिओथेरपिस्ट, नाशिक. नळ सोडण्याबद्दल वाचून पोटात कालवलं.

सहा आठवडे पूर्ण सरळ, हा सल्ला कधी कधी द्यावा लागतो, प्लेट-स्क्रूंची पकड कच्ची असेल किंवा जखम नाजूक असेल तर. पण प्लेट पक्की बसली असेल तर पहिल्या काही दिवसांतच हलवायला सुरुवात करतात. हलवणं आणि वजन टाकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वजन साधारण सहा ते बारा आठवडे नाही, हालचाल मात्र लवकर. घरोघरी या दोन्हींची खिचडी होते. "टेकवू नका" सांगितलेलं असतं, माणूस हलवतच नाही. चार-सहा आठवड्यांत ९० अंश आले तर आम्ही सुटकेचा श्वास टाकतो.

लोक मांडी घालता येईल का एवढंच विचारतात. सपाटीवर चालायला ६०-७० लागतात, जिना चढायला नव्वदच्या आसपास, खालच्या खुर्चीतून उठायला शंभर, मांडी घालायला किंवा उकिडवं बसायला १२०-१३० च्या पुढे. पण याहून महत्त्वाचं कुणी विचारत नाही, गुडघा पूर्ण सरळ होतो का? पाच-दहा अंश वाकडा राहिला तर माणूस जन्मभर लंगडतो आणि कंबर धरते. कृष्णाकाठ, पाठीवर झोपवून पाय पलंगावर सपाट ठेवा आणि गुडघ्याखाली हात जातो का बघा.

दिवसातून एकदा किंचाळेपर्यंत वाकवण्यापेक्षा दहा वेळा पाच-पाच मिनिटं. पलंगाच्या कडेला बसून चांगल्या पायाने दुखऱ्या पायाला हळू मागे ढकलणं. गुडघ्याची वाटी चारी दिशांना सरकवणं, ती चिकटली असेल तर बाकी सगळं व्यर्थ. पण आत संसर्ग असेल तर आधी तो. पू असलेल्या गुडघ्याशी मी कुस्ती खेळत नाही.

---

कृष्णाकाठ | १२ सप्टेंबर, रात्री १०:१५

हात जातो. आख्खा तळवा जातो.

सोमवारी कोल्हापूरला दुसऱ्या डॉक्टरांची वेळ मिळाली आहे.

---

कृष्णाकाठ | १५ ऑक्टोबर २०२३, संध्याकाळी ६:२०

उशिरा लिहितेय, माफ करा.

सीआरपी ४८ आला. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी एक्स-रे बाजूला ठेवला आणि आधी छिद्र दाबून पाहिलं. गोळ्या थांबवल्या, ३ ऑक्टोबरला ऑपरेशन. आतल्या प्लेटच्या खालच्या टोकाला पू होता. धुतलं, खरवडलं, पाच नमुने पाठवले, चारांत स्टॅफिलोकॉकस ऑरियस नावाचा जंतू. नशीब की साध्या औषधांना दाद देणारा निघाला.

मला वाटलं प्लेटा काढणार. काढल्या नाहीत. हाड अजून पुरतं जुळलेलं नाही, स्क्रू घट्ट आहेत, आत्ता काढलं तर सगळं हलेल, असं म्हणाले. दोन आठवडे शिरेतून औषध, मग गोळ्या, एकूण बारा आठवडे. इन्सुलिन सुरू केलंय.

पहिल्या डॉक्टरांना फोन केला. राग होता मनात. ते म्हणाले, "बरं झालं गेलात, रिपोर्ट मलाही पाठवा." मग काय बोलणार.

---

प्लास्टर ऑफ पुणे | १५ ऑक्टोबर, रात्री ९:१०

योग्य हातात आहात. संसर्ग आणि हलतं हाड एकत्र आले की दोन्ही हट्टाला पेटतात. पक्की प्लेट असेल तर हाड जुळेपर्यंत संसर्ग दाबून ठेवायचा, मग धातू काढायचा. स्क्रू ढिले असते तर सगळं काढून बाहेरून रिंगांचा सांगाडा लावावा लागला असता, आपल्याकडे इलिझारोव म्हणून माहीत आहे तो.

---

रांगडा_गडी | १६ ऑक्टोबर, सकाळी ६:००

ताई, मालिशचं मागे घेतो. लेपाचं नाही.

---

कृष्णाकाठ | १० एप्रिल २०२४, दुपारी ४:००

पुढे कुणाला उपयोग होईल म्हणून लिहितेय.

डिसेंबरअखेर सीटीत हाड जुळलेलं दिसलं, सीआरपी ४. फेब्रुवारीत आतली प्लेट काढली. गुडघ्याचं मात्र त्या वेळी काही केलं नाही, आधी प्लेट काढताना घेतलेलं कल्चर निर्जंतुक येऊ दे म्हणाले. आलं. मग मार्चमध्ये दुर्बिणीतून गुडघ्यातले चिकटलेले पापुद्रे सोडवले आणि भूल असतानाच वाकवला. टेबलावर १२० गेला. दुसऱ्या दिवशी ७५! मी रडकुंडीला आले, पण वाकवा पण प्रेमाने यांनी व्यनित आधीच बजावलं होतं की टेबलावरचा आकडा घरी येत नाही, कमवावा लागतो. आज १०५ आहे. पाय जवळजवळ सरळ होतो, पलंगावर सपाट ठेवला तर गुडघ्याखाली दोन बोटं जातात.

मांडी नाही. काल पाडव्याला गुढी ह्यांनीच उभारली, जेवायला मात्र टेबल. सासूबाई म्हणाल्या, मग मीपण टेबलावर, माझे गुडघे काय सोन्याचे आहेत? पंगतच उठून टेबलावर आली.

एक विचारायचं होतं. जिना उतरताना आत करकर होते आणि दुखतं. हे काय आता?

---

प्लास्टर ऑफ पुणे | १० एप्रिल, रात्री १०:३०

१०५ म्हणजे या सगळ्या रामायणानंतर चांगलंच.

करकर मांडीच्या स्नायूच्या अशक्तपणाने असू शकते, ती व्यायामाने कमी होते. पण खोटं आश्वासन देत नाही. सांध्याचा पृष्ठभाग फुटला होता, वरची कूर्चा, म्हणजे हाडावरचा गुळगुळीत थर, तेव्हाच चिरडली गेली. प्लेटने हाड वर उचलता येतं, कूर्चा नवी करता येत नाही. काही वर्षांनी झीज वाढू शकते, काहींना पुढे गुडघा बदलावा लागतो, बऱ्याच जणांना लागत नाही. आणि संसर्ग होऊन गेलेल्या गुडघ्यात तो निर्णय घाईने घ्यायचा नसतो. वजन आटोक्यात, मांडीचा स्नायू दणकट, साखर ७ च्या आत. तंबाखूचं काय?

---

कृष्णाकाठ | १० एप्रिल, रात्री १०:४५

साखर ६.८.

डबी काल सापडली. गुढीसाठी काढलेल्या तांब्यात.